सिर्गाचा चौथा परिच्छेद

बुरुलने निबंध टेबलावर ठेवला, चष्मा काढून पुसला आणि तेच पान पुन्हा वाचलं. चष्म्याचा काही दोष नव्हता. दोष निबंधाचाच होता.

'जुमाश बायके हे मोठ्या मनाचे गृहस्थ आहेत,' असं चौथ्या परिच्छेदात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. 'त्यांच्या घरची साय अशी दाट की चमचा उभा राहावा. त्यांच्या पत्नी सोनुन एजे यांच्या हाताला फार चव आहे. देव दोघांना उदंड आयुष्य देवो.'

"सिर्गा," बुरुल म्हणाली, "हे काय आहे?"

"चौथा परिच्छेद, एजे."

"चौथ्या परिच्छेदात काय असतं?"

"समोरच्याचं म्हणणं, त्याच्याच तोंडून. आणि मग आपलं उत्तर." सिर्गाने पाढा म्हणावा तसं म्हणून दाखवलं.

"मग? चमचा उभा राहतो, हे जुमाश बायकेंचं म्हणणं आहे?"

"नाही एजे. ते मीच बघितलं."

मागच्या बाकावर बेकतूर खुसखुसला. बुरुलने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तसं पाहण्यावर तिची निम्मी नोकरी निभावली होती.

पर्वतांतल्या नारीन गावी थोरल्या बाईला एजे म्हणतात, थोरल्या पुरुषाला बायके. तिथल्या कॉलेजात बुरुल बरीच वर्षं एकच गोष्ट शिकवत होती: चारचौघांना पटेल असं लिहावं कसं. मुद्दा पहिल्याच परिच्छेदात, ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्यात कारणं, बळकट कारण शेवटी. चौथ्यात समोरच्याची बाजू, ती पण त्याच्याकडे जाऊन, ऐकून, प्रामाणिकपणे मांडलेली. मग तिला उत्तर. पाचव्यात, आता काय करायचं ते. एवढंच. इतकं सोपं की एखाद्या मेंढीला समजावं, असं ती घरी नवऱ्याला म्हणायची. नवरा म्हणायचा, मेंढ्यांना कुणाला काही पटवायचं नसतं, म्हणून त्यांना समजतं.

दाखले द्यायचे तिने केव्हाच सोडून दिले होते. एकदा चुकून ती म्हणाली होती, निबंध म्हणजे युर्ता, आपला गोल तंबू बघा, आधी जाळीच्या भिंती, मग वरचे दांडे, मग लोकरीचा नमदा. पुढच्या आठवड्यात सबंध वर्गाने युर्त्यावर निबंध लिहून आणले. आजी युर्ता कसा उभारायची, आजोबा कसे उगाच मध्ये मध्ये करायचे. वाचून बुरुलला रडूही आलं आणि सगळ्यांना नापासही करावं लागलं.

पण खरी गाडी अडायची ती चौथ्या परिच्छेदात. मुलं समोरच्याकडे जायची, आणि तिथेच सगळा घात व्हायचा. कारण दार उघडलं की आत यावं लागतं, आत आलं की बसावं लागतं, आणि बसलं की निदान नानचा एक तुकडा तोंडी लावल्याशिवाय उठता येत नाही. आणि ज्याच्या घरचा नान तोंडी लागला, त्याला चारचौघांत खोटं पाडायचं? खाल्ल्या मिठाला जागणारी पोरं ती. बेकतूरने वर्गात फोन नकोत म्हणून निबंध लिहायला घेतला होता. समोरची बाजू ऐकायला तो फोनच्या दुकानदाराकडे गेला, तिथे चहा प्यायला, तळलेले बोर्सोक खाल्ले आणि परत येऊन त्याने लिहिलं की फोन विकणारा माणूसही कुणाचा तरी बाप असतो. भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करा असं लिहिणारी मुलगी कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या म्हातारीकडे गेली, ती पिल्लू घेऊनच आली.

"पोरांनो, तुम्ही पटवायला जाता आणि पटून परत येता," बुरुल दर वर्षी म्हणायची.

एरवी ती यावर कपाळाला हात लावून थांबली असती. या वेळी थांबून चालणार नव्हतं.

या वेळी सिर्गाचा निबंध गुणांसाठी नव्हता. कडाका पडला की मुलींचं वसतिगृह बंद करायचं आणि वसंतात उघडायचं, असं कॉलेजने ठरवत आणलं होतं. कोळसा पुरणार नाही, असं कॉलेजची कोठी, कुलपं नि कोळसा सांभाळणारे जुमाश बायके म्हणाले होते, आणि कोळशाबाबत जुमाशच्या शब्दापुढे कुणी जात नसे. ज्या मुलींचं गावात कुणी आहे त्यांनी तिकडे राहावं, बाकीच्यांनी घरी जावं. सिर्गाचं गाव खिंडीपलीकडे. एकदा बर्फ पडलं की तिकडून इकडे माणूस येत नाही, निरोपच काय तो येतो. आणि हिवाळ्यात घरी गेलेली मुलगी वसंतात कशी परत येते ते बुरुलने पाहिलं होतं. येतच नाही. तिच्या लग्नाचं आमंत्रण येतं.

म्हणून बुरुल प्राचार्य कालिककडे गेली होती. कालिक एके काळी तिच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. तो हसून म्हणाला, "बुरुल एजे, इतकी वर्षं पटवून द्यायला शिकवताय ना? मग पटवून दाखवा. शुक्रवारी समितीपुढे एक मुलगी निबंध वाचू दे. पण तुम्ही मध्ये बोलायचं नाही हं. तुम्ही बोललात की मला अजून गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं."

आणि त्या शुक्रवारसाठी हा चमचा उभा राहिला होता.

"तुला मी पोट भरून जा म्हणाले होते," बुरुल म्हणाली.

"भरूनच गेले होते एजे. पोटाचा इथे काय संबंध? सोनुन एजेंनी दार उघडलं, म्हणाल्या, आत ये पोरी, वारा आहे. दारात उभी राहून कोळशाचं विचारू?"

"दारात उभं राहूनच विचारायचं!"

"तुम्ही विचारलं असतं?"

बुरुलने चष्मा पुन्हा पुसला. मग म्हणाली, "माझं सोड. नान तोंडी लावलास?"

"लावला."

"साय?"

"साय पण. रासबेरीचा मुरंबा पण." सिर्गाची मान खाली गेली. "निघताना त्यांनी फडक्यात बांधून दिलं, ते खोलीतल्या सगळ्या पोरींनी खाल्लं."

"म्हणजे आता सबंध वसतिगृह त्यांच्या मिठाला बांधलं गेलं. छान!" बुरुलने निबंध टेबलावर आपटला. "बरं, मुरंब्याच्या मधोमध जुमाश बायके काही बोलले का?"

"कोळसा पुरणार नाही म्हणाले."

"मग तेच लिही ना! आणि खाली उत्तर लिही. गेल्या हिवाळ्यात पुरला, यंदा का नाही? इतकं सोपं आहे."

"तेच तर जमत नाही एजे. ते असं म्हणाले तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते. मुरंबा पुढे सारला आणि खिडकीकडे बघायला लागले."

"खिडकीकडे बघण्याचा परिच्छेद होत नाही, सिर्गा."

"मला माहीत आहे," सिर्गा म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पण त्यांना खोटं पाडायला माझी जीभ उचलत नाही. आणि नाही पाडलं तर मी घरी जाणार. हे पण मला माहीत आहे."

बुरुलने दुसरा मार्ग काढून पाहिला.

"बेकतूर! तू लिही चौथा परिच्छेद. तू काही त्यांच्याकडे जेवला नाहीस."

"एजे, ते माझ्या आईचे चुलतभाऊ लागतात. मी त्यांच्याकडेच लहानाचा मोठा झालो."

मग तिने एकेकाला विचारलं. कुणाच्या भावाच्या लग्नात जुमाशने बकरा कापला होता, कुणाच्या आजीच्या दिवसांना सोनुनने हंडाभर शोर्पोचा रस्सा शिजवला होता. नारीनमध्ये जुमाशच्या घरचं न खाल्लेला माणूस शोधायचा तर तो बाहेरून मागवावा लागला असता. आणि बुरुलने स्वतः? तिने ते आठवायचं टाळलं. सोनुनच्या हातचे बोर्सोक तिच्या हाडामासात होते.

गुरुवारी सिर्गा पुन्हा आली. या खेपेला पहिला परिच्छेद पाहून बुरुलचा जीव जरा भांड्यात पडला. पहिल्या लिखाणात 'हिवाळा हा आपल्या पर्वतांचा पांढराशुभ्र पाहुणा' वगैरे नमनाला घडाभर तेल होतं. आता एकच वाक्य होतं: 'मुलींचं वसतिगृह हिवाळाभर चालू ठेवावं.' दुसऱ्यात खिंडीचं, बर्फाचं, घरी गेलेल्या मुलींचं. तिसऱ्यात, शिक्षण मध्येच तुटलं की काय होतं ते, आणि गेल्या वर्षी हिवाळ्याच्या सुट्टीत घरी जाऊन परत न आलेल्या तीन मुलींची नावं. ती नावं वाचताना बुरुलने एक स्वल्पविराम उगाच दुरुस्त केला.

चौथ्या परिच्छेदाच्या जागी कोरा कागद.

"हा कुठंय?"

"उद्या असेल, एजे."

"उद्या म्हणजे समितीपुढे! भाकरी तव्यावर टाकून पीठ दळायला निघालीस तू!"

"विचार करते आहे."

"विचार आधी करायचा असतो, म्हणून त्याला आराखडा म्हणतात!"

सिर्गाने मान डोलावली आणि कागद घेऊन गेली. बुरुल तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघत राहिली. या मुलीला झोडावं की जवळ घ्यावं हे तिला कळेना. त्यामुळे ती घरी जाऊन नवऱ्यावर ओरडली.

शुक्रवारी प्राचार्यांच्या खोलीत समिती बसली. लांब टेबल, मध्ये चहाची किटली, वाट्यांत गोड गोळ्या. बुरुलला भिंतीशी खुर्ची दिली होती. जुमाश बायके टेबलाच्या टोकाला, फरची टोपी मांडीवर. कालिक मधोमध, आणि त्याच्या चेहऱ्यावर शेवटच्या बाकावरचं जुनं हसू.

सिर्गा उभी राहिली. नमस्कार केला, सगळ्यांची विचारपूस केली. बुरुलने दात आवळले, पण सिर्गा लवकर थांबली. मग वाचायला लागली. तिसऱ्यातली नावं वाचली तेव्हा टेबलापाशी बसलेल्या म्हाताऱ्या गणिताच्या बाईंनी चहाची वाटी खाली ठेवली. त्यातली एक त्यांची खिंडीपलीकडची नात होती. बुरुल मनात म्हणाली, चाललंय, चाललंय, आता नीट चौथ्यात उतर.

सिर्गाने पान उलटलं. भिंतीपासूनसुद्धा बुरुलला दिसलं. कोरं.

"चौथ्या परिच्छेदात समोरच्यांचं म्हणणं असतं," सिर्गा म्हणाली. "ते मी लिहिलेलं नाही. मी जुमाश बायकेंच्या जेवणाच्या दस्तरखानवर बसून आले आहे. त्यांचं म्हणणं माझ्या तोंडून आलं तर वाकडं येईल, आणि त्यांच्याविरुद्ध बोलले तर मी खाल्लेलं विसरले असं होईल. म्हणून हा परिच्छेद त्यांनीच सांगावा. मी ऐकते."

बुरुलने डोळे मिटले. इतक्या वर्षांची मेहनत एका पोरीने उचलून समोरच्याच्या ताटात वाढली होती. आणि तेसुद्धा 'तुम्हीच घ्या' म्हणून!

"हा काय प्रकार आहे, एजे?" कालिकने भिंतीकडे पाहून विचारलं.

"मी बोलायचं नाही असं ठरलं होतं," बुरुल म्हणाली.

जुमाश बायके उठले. टोपी हातात फिरवली. "कोळसा..." असं म्हणून ते थांबले. समोर ती पोरगी उभी होती, हात पुढे बांधून, घरातल्या वडीलधाऱ्यापुढे उभं राहावं तशी. नान खाणाऱ्याला बांधतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. वाढणाऱ्यालाही तो बांधतो हे क्वचितच कुणी बोलून दाखवतं. आपल्या ताटावर बसलेल्या लेकराच्या तोंडावर खोटं बोलायचं नसतं. जुमाश बायके तिच्याकडे बघत राहिले, आणि या खोलीत बघायला जवळ खिडकी नव्हती.

"कोळसा आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?" कालिक पुढे वाकला.

"कोळसा पुरेल. बॉयलर पुरणार नाही. त्याच्या पोटाला तडा गेलाय. गेल्या हिवाळ्यात मी लिंपत लिंपत काढला. यंदा तो पेटवला तर फुटेल, किंवा धूर वर चढेल, आणि वर पोरी झोपलेल्या असतात. मला छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. असा जबाबदारीचा हिवाळा मी पुन्हा काढणार नाही."

"मग कोळशाचं कशाला सांगितलंत, बायके?"

"बॉयलरचं सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, गेल्या वर्षीच का नाही बोललात. काय उत्तर देणार होतो? लिंपून होईल असं वाटलं. म्हातारा माणूस, हातावर जास्त भरवसा ठेवतो."

बुरुलला आता स्पष्ट दिसलं की चौथा परिच्छेद बाकीच्या सगळ्या निबंधाला खाऊन बसला. खिंड, बर्फ, नावं, सगळं एका बाजूला. तडा गेलेला बॉयलर एका बाजूला. याला खोडून काढणार कोण? कशाला काढायचं? समोरचा माणूस बरोबर होता. निबंध मेला होता.

अशा वेळी मुद्दा लहान करायचा असतो. हे तिने वर्गात एकदा सांगितलं होतं, तासाच्या शेवटी, मुलं दप्तरं आवरत असताना. समोरचा बरोबर असेल तर त्याच्याशी भांडू नका, आपल्याला खरोखर काय हवंय ते शोधा, तेवढंच मागा. तेव्हा कुणी ऐकलं असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती आता सिर्गाकडे डोळे वटारून बघत होती, पण सिर्गा तिच्याकडे बघतच नव्हती.

सिर्गाने पाचवं पान काढलं, वाचलं आणि घडी घालून खाली ठेवलं.

"हे आता चालणार नाही," ती म्हणाली. "यात लिहिलंय, वसतिगृह चालू ठेवा. ते चालू ठेवू नका. बॉयलर पेटवू नका, जुमाश बायके म्हणतात तसं." मग जरा थांबून ती सावकाश म्हणाली, "पण आम्हाला वसतिगृह नकोच होतं. आम्हाला इथे राहायचं होतं. जुन्या इमारतीत विटांच्या शेगड्या आहेत. घरी आम्ही सगळे एका शेगडीभोवतीच झोपतो. गाद्या अंथरू, सकाळी गुंडाळू. कोळसा आम्ही वाहू, राख आम्ही काढू. बॉयलर दुरुस्त होईपर्यंत."

"जुन्या इमारतीत वर्ग भरतात," कालिक म्हणाला.

"ते दिवसा भरतात, कालिक अगाय."

गणिताच्या बाईंच्या ओठांची कड हलली.

"शेगड्या चांगल्या आहेत का?" कालिकने विचारलं.

"मीच बांधल्यात," जुमाश बायके म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "धूर चोख ओढतात. त्यांच्याजवळ मी माझ्या नातींना झोपवीन. रोज स्वतः बघून जाईन."

"कुणाचे वर्ग आहेत तिकडे?"

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. त्या इमारतीतली सर्वांत मोठी नि सर्वांत ऊबदार खोली बुरुलची होती. ती मिळवायला तिने तीन प्राचार्यांशी भांडण केलं होतं, आणि आपल्या हाताने तिच्या खिडक्यांना कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. तिच्या मनात आलं, खोली न देण्याचे पाच परिच्छेद होतील. चौथ्यात मुलींची बाजू येईल. आणि त्यांची बाजू समोर उभी होती, हात बांधून, नाक लाल झालेली.

"माझे," बुरुल म्हणाली. "न्या खोली."

"बुरुल एजे, हे पटलं म्हणून की..."

"कालिक, मी बोलायचं नाही असं ठरलंय ना? लिहून घे."

कालिकने लिहून घेतलं. हरकत आहे का म्हणून विचारलं. कुणाची नव्हती. जुमाश बायकेंनी बॉयलरचा अर्ज या आठवड्यात वर पाठवायचा, आणि खरा पाठवायचा, असंही ठरलं. गणिताच्या बाई उठून सिर्गाजवळ गेल्या, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि निघून गेल्या.

बाहेर व्हरांड्यात बुरुलने तिला गाठलं.

"चौथा परिच्छेद कोरा. पाचवा वाचलाच नाहीस. समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर नाही, उलट तो मान्य! सांग, याला गुण काय देऊ मी?"

"द्या काहीतरी, एजे." सिर्गाचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "गाद्या कधी आणू?"

"आधी बाक काढायला हवेत. चल."

खोलीत बेकतूर आणि बाकीचे जमलेच होते. बातमी जुमाशच्या आधी जुन्या इमारतीत पोचली होती. सगळे एकदम बोलत होते. कुणी म्हणत होतं बाक भिंतीशी लावू, कुणी म्हणत होतं एकावर एक चढवू, एक मुलगी आताच शेगडीजवळची जागा आपली म्हणून त्यावर शाल टाकून बसली होती. बुरुलला वाटलं, आपला घसा आता हिवाळाभर बसलेलाच राहणार. इथे रोज सकाळी वाळत घातलेल्या मोज्यांच्या खालून मुद्दा कुठे मांडावा ते शिकवायचं.

"हटा सगळे! धर ते टोक," ती सिर्गाला म्हणाली आणि तिने बाकाचं एक टोक उचललं. दोघी दारापर्यंत गेल्या. बाक दारात आडवा झाला आणि तिथेच बसला, ना आत, ना बाहेर.

"अगं, उचलण्याआधी बघायचं असतं कसा जाईल ते!" बुरुल ओरडली. "किती वेळा सांगायचं?"

"तुम्हीच उचललात आधी, एजे," पलीकडून सिर्गा म्हणाली. "आता मागे घ्या थोडा. उभा करू."